फलाटावरचे पणजोबा

“पुरखे ले लो बाबूजी, अपने-अपने पुरखे!”

झाशीच्या फलाटावर तो फेरीवाला असा ओरडायचा की इंजिनाची शिटी लाजून गप्प बसे. पेटीत जुन्या संस्थानाची, किल्ल्याची छायाचित्रं. गिऱ्हाइकाचं नाक बोटानं मोजून तो डोळे मिटायचा आणि अचूक एक पूर्वज काढायचा. मला तोफेजवळचा पगडीवाला दिला. आमचे पणजोबा किल्ल्यावरचे गोलंदाज. त्यांच्या तोफेनं दूरच्या दतिया गावातलं दूध नासायचं, असं मी सगळ्यांना सांगतच होतो. तसबीर लगेच दिवाणखान्यात लागली.

पुढे मुलीचं लग्न ठरलं. साखरपुड्याला लक्ष्मी गेटजवळ व्याह्यांकडे गेलो, तर भिंतीवर तेच पणजोबा, हार घालून!

“म्हणजे मुलं भाऊबहीण झाली की हो! लग्न मोडलं,” व्याही म्हणाले. मुलगी रडू लागली. एकानं पणजोबा सोडले असते तर प्रश्न मिटला असता; पण दोन्ही घरांत शूर पूर्वज तेवढे एकच होते.

दोघं तसबिरी काखेत मारून फलाटावर धावलो. मी ओरडलो, “सच बताओ भैया, ये किसके पुरखे हैं?”

त्यानं दोन्ही काचा बाहीनं पुसल्या.

“जे तो हमारे दद्दा हैं, बाप के बाप. किले में पानी भरते थे.”