मोटर पकड घेईपर्यंत

बेबीताई माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायची, आधी हाताकडे. माझ्या काकांची ही एकुलती मुलगी. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती रामाकोन्याच्या घरी बसून करायची. विहिरीवरची मोटर मोबाइलवरून सुरू करता यावी, असं ॲप ती कंपनी काढत होती. काचेवर टेकलेल्या बोटाला नेमकं काय हवंय, हे फोनला कळवण्याचं काम ताईकडे होतं. बोट नुसतं टेकवलं, दाबून धरलं की सरकवलं, एवढंच ओळखायचं असतं, असं ती म्हणायची. त्या एवढ्यातच तिची वर्षं गेली.

लोधीखेड्याच्या एका लग्नघरी नवरीचे दोन्ही हात ओल्या मेंदीचे होते आणि तिचा फोन वाजला. तिनं वाकवलेल्या बोटाच्या सांध्यानं तो घेतला. ताई तिथंच खिळली. मावशीनं टोकलं, "नवरीचं तोंड पाह्य व, बोटं काय पाहून राहिली?"

"तोंड तं सगळेच पाहून राहिले, मावशी."

मी पांढुर्ण्याला शिकवतो. सुटीत जायचो, तेव्हा ती माझ्याही हातात फोन देई आणि शेजारी बसून राही. चुकलो तर सांगत नसे. एकदा विचारलं, तर म्हणाली, "बोट चुकत नाही. आपण त्याले विचारत नाही."

घरामागेच काकांची संत्र्याची बाग. गुडघा कामातून गेलेला, तरी मोटर सुरू करायला ते बागेतून विहिरीपर्यंत काठी टेकत जायचे. ते जाणं थांबावं, ही ताईची इच्छा होती. म्हणून ॲप तिनं सर्वांत आधी त्यांच्या फोनमध्ये टाकलं. काकांनी हिरवं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. फोननं काहीतरी विचारलं. त्यांनी न वाचता 'हो' केलं. पडद्यावरची मोटर नाहीशी झाली. बटण दाबून धरणं म्हणजे मोटर काढून टाकणं, अशी कंपनीची रीत होती.

काका काठी घेऊन उठले.

"कुठी चालले, बाबा?"

"विहिरीवर. मोटर चोरीले गेली का काय, पाहून येतो."

मला हसू आलं. ताई मात्र त्यांच्यामागून गेली. विहिरीवर मोटर जागेवर होती. काकांनी स्टार्टरचं हिरवं बटण दाबून धरलं, मोटरचा आवाज एकसारखा झाल्यावरच सोडलं. म्हणाले, "मोटरनं पकड घेतल्याबिगर बोट उचलाचं नसते."

पुण्याच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, लोकांना शिकवा. ताई म्हणाली, "एखादा शिकेल. बाकीचे विहिरीवर जातील." बरेच दिवस ती वाद घालत राहिली. शेवटी दाबून धरलं की मोटर सुरू व्हावी, असं ठरलं. काढून टाकण्याचं बटण आत कुठेतरी गेलं.

तोवर तिला आजारानं धरलं होतं. नागपूरच्या औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली. "काचेले लागलं का नाही, मले समजतच नाही आता," ती सहज बोलावं तसं म्हणाली. मग तिनं ॲपमध्ये एक गोष्ट घातली. मोटरनं पकड घेतली की फोन तळहातात थरथरायचा, बोट उचलेपर्यंत. तिचा तळहात अजून शाबूत होता. काकांच्या फोनवर तिनं ते करून पाहिलं, मान हलवली. तिच्या हातचं ते शेवटचं काम. त्यानंतर ती फार दिवस जगली नाही.

काका आता विहिरीवर जात नाहीत. परवा गेलो, तेव्हा ओसरीवर बसले होते. त्यांनी बटण दाबून धरलं. बागेत पाण्याचा आवाज सुरू झाला. फोन त्यांच्या हातात थरथरत राहिला.

"काका, मोटर सुरू झाली."

"हाव. माहीत हाये," ते म्हणाले. बोट त्यांनी उचललं नाही.