कांजिण्यांची सुटी

मी आजारी पडले नाही, मी आजार मिळवला. सहावीत असताना, जानेवारी संपता संपता, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्याच मेहनतीनं. कारण एकच होतं. मला आईजवळ झोपायचं होतं.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीपासून सात-आठ किलोमीटरवर. बाबा वीज मंडळात लाइनमन. अमरावतीच्या निवासी शाळेची परीक्षा गावातून मी एकटीच पास झाले, तेव्हा बाबा खांबावर चढलेले असतानाही खालून जाणाऱ्याला ही बातमी सांगायचे म्हणे. विहारात रविवारच्या वंदनेनंतर माझा सत्कार झाला. पुष्पगुच्छ, कंपासपेटी आणि एका काकांचं लांबलचक भाषण. त्यानंतर ‘मले नाही जायचं’ म्हणायची सोयच राहिली नाही. सत्कार झालेला माणूस माघार घेत नसतो, एवढं मलाही कळत होतं.

जुलैत बाबा पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मला सोडून गेले. एका लांब खोलीत आम्ही चाळीस पोरी. दर्यापूर, अकोट, मोर्शी, चांदूर, कुठकुठल्या. सगळ्या रडायच्या, पण प्रत्येकीची वेळ वेगळी. माझी वेळ जेवणाची होती. घास तोंडात गेला की रडू यायचं, आणि रडताना घास गिळता येत नाही. म्हणजे एक तर रडायचं नाही तर जेवायचं. मी दिवाळीपर्यंत पाच किलोनं उतरले.

रविवारी वॉर्डनबाईंच्या खोलीतून घरी फोन लावता यायचा. पाच मिनिटं. मागे रांग उभी. त्यातली चार मिनिटं मी हुंदके द्यायचे आणि शेवटच्या मिनिटात म्हणायचे, “आई, मले घेऊन जा ना वं.” आई म्हणायची, “दिवाळी आलीच आता.” हे ती जुलैपासून म्हणत होती.

दिवाळी खरंच आली, पंधरा दिवस राहिली आणि गेली. आईला तेव्हा आठवा महिना होता. माझ्यानंतर तिची दोन लेकरं राहिली नव्हती, एक पोटातच गेलं आणि एक जन्मल्यावर नवव्या दिवशी. त्यामुळे घरात सगळे हळू बोलायचे, जणू मोठ्यानं बोललं तर पोटातलं दचकेल. मी तिच्या पाठीला चिकटून झोपायचे. परत निघताना मी एसटीच्या दांड्याला लटकून असं रडले की कंडक्टरनं बाबांना विचारलं, “पोट्टीले सासरी धाडून राहिले का?”

डिसेंबरात भाऊ झाला. फोनवर कळलं. पोरींनी माझ्याकडून पेढे मागितले. माझ्या डोक्यात मात्र एकच चित्र होतं: खाटेवर आई, तिच्या कुशीत कोणीतरी, आणि ते कोणीतरी मी नाही.

शाळेतून मधल्या काळात घरी जायचे मार्ग तसे थोडेच होते. ताप आला तर वॉर्डनबाई गोळी द्यायच्या. ताप आणायला काखेत कांदा धरायची युक्ती सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती बाईंना आमच्याआधी ठाऊक होती. थर्मामीटर लावायच्या आधी त्या हात वर करायला लावून काख हुंगायच्या. खडू खाऊन झाला, उन्हात उभं राहून झालं. एकीनं तर जिन्यावरून उडी मारली, तिला नुसतं खरचटलं आणि वर बोलणी बसली ती वेगळी. एक गोष्ट मात्र हुकमी होती. कांजिण्या. त्या निघाल्या की त्याच दिवशी घरी फोन, आणि तीन आठवडे सुटी. एकीमुळे दीडशे जणींना नको, म्हणून.

जानेवारीच्या शेवटी माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मोर्शीच्या पोरीला त्या निघाल्या. तिच्या घरी संत्र्याची बाग. पोरगी दिलदार, आलेली संत्री खोलीभर वाटून टाकायची. तिचे वडील संध्याकाळी येणार होते, तोवर तिला कोपऱ्यातल्या आजाऱ्यांच्या खोलीत ठेवलं. मी जेवणाचं ताट द्यायच्या निमित्तानं आत गेले. तिनं अर्धवट ठेवलेलं पाणी प्यायले. तिच्या टॉवेलनं तोंड पुसलं. मग तिच्या चादरीत शिरून तिला खेटून बसले.

“तुले बी होतीन ना वं!” ती ओरडली.

“होऊ दे.”

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं आपली उशी माझ्याकडे सरकवली. इतकी समजूतदार मैत्रीण मला पुढे कॉलेजातही मिळाली नाही.

त्यानंतर रोज सकाळी न्हाणीघरात मी पोट तपासायचे. चार दिवस, आठ दिवस, दहा दिवस. काही नाही. मधल्या काळात दोन पोरी, ज्यांनी काहीच केलं नव्हतं, कांजिण्या होऊन घरी गेल्या. मला त्यांचा इतका राग आला की विचारू नका. मेहनत मी करावी आणि फळ त्यांनी खावं! सोळाव्या दिवशी मी नाद सोडला होता आणि त्याच सकाळी बेंबीच्या वर एक फोड दिसला. टपोरा, पाणीदार. मी ओल्या केसांनी वॉर्डनबाईंकडे धावत गेले.

“मॅडम, आल्या!”

बाईंनी फोड पाहिला, मग माझं तोंड पाहिलं. “कांजिण्या झाल्या अन् हसून काहून राहिली वं?”

मग त्यांनी फोन लावला. मी दाराबाहेर उभी होते. बाईंचं तेवढं ऐकू येत होतं. “हो, समजते मले… लहान हाय ना, समजते… पण इथं नाही ठेवता येत, भाऊ. बाकीच्या पोरी हायेत…” पलीकडे बाबा होते. ते मला तिथंच ठेवता येईल का असं विचारत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. मी पेटी भरायला पळाले.

बाबा कोणाची तरी मोटारसायकल मागून घेऊन आले. मला दुपट्ट्यात गुंडाळून मागे बसवलं. बाबा वाटेत एरवी प्रत्येक खांबाबद्दल काहीतरी सांगायचे, त्या दिवशी गप्प होते. मला वाटलं, माझी काळजी वाटत असेल. दर्यापूरला चहाच्या टपरीवर थांबलो. त्यांनी मला लांबच्या बाकावर बसवलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि म्हणाले, “घरी लहान लेकरू हाय, बाई. दीड महिन्याचं. तू समजदार हायेस ना?” मी मान हलवली. मी समजदार असल्याचा तर सत्कारच झाला होता.

घरासमोर गाडी थांबली. आई मधल्या खोलीच्या दारात उभी होती, खांद्यावर बाळाचं दुपटं. मी दुपट्टा फेकला आणि धावले. तिनं हात पुढे केला. मला वाटलं, मला घेण्यासाठी. पण तळवा माझ्याकडे होता.

“थांब! तिथंच थांब! पुढं येऊ नको!”

मी ओसरीतच थांबले. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर तोवर उठलेल्या फोडांवर फिरले. ती घाबरली होती. इतकी घाबरलेली मी तिला त्याआधी कधी पाहिली नव्हती. “काहून आली वं तू?” ती म्हणाली. “काहून आली?”

माझी सोय बाहेरच्या खोलीत केलेली होती. खाट, वेगळं ताट, वेगळा पेला. शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, “माय आली हो पोरीच्या अंगात, निंबाचा पाला बांधा.” बाबा म्हणाले, “आमच्यात नाही ते माय-फाय. आजार हाय तो.” आणि थोड्या वेळानं स्वतःच निंबाची डहाळी आणून दाराला बांधली. वर मला सांगितलं, “जंतू मरतात यानं.” फोडांना गुलाबी औषध तेच लावायचे. आई उंबऱ्यावर ताट ठेवायची आणि मागे सरायची. मी ताट उचलेपर्यंत तिथं उभी राहायची, “पोटभर खाय वं,” म्हणायची. तिची नजर माझ्यावर असायची, पण कान आतल्या खोलीकडे.

मी घरी होते. आईपासून सात-आठ पावलांवर. मधे एक पडदा, कुठल्यातरी जुन्या लुगड्याचा. पडद्यापलीकडून सगळं ऐकू यायचं. ती त्याला न्हाऊ घालायची, तेल चोळायची, त्याच्याशी बोलायची. “कोन हाय माझं? कोन हाय माझं सोनं?” हे शब्द माझे होते. माझ्यासाठीच ती म्हणायची ते. अमरावतीत मी निदान स्वतःची समजूत घालू शकायचे की आई लांब आहे म्हणून जवळ घेत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बाबा कामावर होते. आई आत बाळाला पाजत बसली होती. मी सरपटत उंबऱ्यापर्यंत गेले आणि पडद्याखालून हात आत घातला. फार काही नको होतं. तिच्या लुगड्याचा काठ हाताला लागला असता तरी चाललं असतं. आईनं हात पाहिला. ती ओरडली नाही, रागावली नाही. फक्त बाळाला उचललं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. माझा हात तिथंच पडून राहिला. मग मी तो परत घेतला.

रोज सकाळी आई बाळाचे कपडे काढून मागच्या दाराकडच्या अंगणात उन्हात त्याचं अंग अन् अंग तपासायची. मी खिडकीतून पाहायचे. न्हाणीघरात मी जसं स्वतःला तपासायचे अगदी तसंच, फक्त मला फोड हवा होता आणि तिला नको होता. सातव्या दिवशी तिला बाळाच्या मांडीवर दोन लाल ठिपके दिसले.

मग जे झालं ते अर्ध्या तासात झालं. बाबांना निरोप, गाडी, अकोल्याच्या लेकरांच्या डॉक्टरकडे न्यायची धावपळ. आई बाळाला छातीशी घेऊन माझ्या खोलीतूनच बाहेर पडली, कारण रस्त्याकडे दुसरं दार नव्हतं. जाताना ती माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक. “याले काही झालं ना…” एवढंच म्हणाली आणि निघून गेली. ते वाक्य पुढे काय होतं, हे मी तिथं बसून नाना प्रकारे पूर्ण करून पाहिलं. एकही प्रकार बरा नव्हता. आणि तिला हे ठाऊकही नव्हतं की मी तो आजार मागून, एका टॉवेलात तोंड खुपसून आणला होता.

आई-बाबा दोन दिवस अकोल्यातच राहिले. काकू खिडकीतून भाकरी द्यायच्या. मला खाज सुटायची, पण मी खाजवलं नाही. स्वतःला शिक्षा म्हणून. जेवताना रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. बाळ मेलं तर मी मारलं, हा हिशोब अकरा वर्षांच्या पोरीला सरळ समजतो.

ठिपके डासाचे निघाले. डॉक्टर हसले म्हणे. आई परत आली ती इतकी थकलेली होती की गाडीवरून उतरताना तिचा पाय अडखळला. माझ्या फोडांवर तोवर खपल्या धरल्या होत्या. सुटी अजून दहा-बारा दिवस बाकी होती.

“बाबा,” मी म्हटलं, “खपल्या पडल्या का मले शाळेत सोडून द्या.”

खपल्या पडल्या. जायच्या दिवशी आईनं अंगणात पाणी तापवलं, मला स्वतः न्हाऊ घालते म्हणाली. मी म्हटलं, “मी करतो माझं.” निघताना तिनं मला जवळ ओढलं. घट्ट. तिच्या अंगाला दुधाचा आणि ओव्याच्या धुरीचा वास येत होता. जुलैपासून मी याचसाठी मरत होते. मी हात खाली सोडून उभी राहिले, खांबासारखी, ती सोडेपर्यंत.

“पाह्यलं का,” ती बाबांना म्हणाली, “मोठी झाली. रडतही नाही आता.”

शाळेत मी पोटभर जेवू लागले. रविवारी फोनवर पाच मिनिटं पुरून उरायची. वॉर्डनबाईंनी बाबांना सांगितलं, “रुळली तुमची पोरगी.” आईनं ते गावभर सांगितलं. सुट्यांत आई माझ्यासाठी काय काय करून ठेवायची. भाऊ मोठा झाला तरी चांगला घास माझ्याच ताटात पडायचा, आणि भावानं कुरकुर केली की ती म्हणायची, “तिचं वेगळं हाय.” लग्न झालं, नोकरी लागली, तरी सकाळी पहिला फोन मलाच. भाऊ आजही चिडवतो की आईचं लेकरू एकच आहे. मला ते आवडायचं. आवडतं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीला ताप आला म्हणून आई अकोल्याला माझ्याकडे राहायला आली. दुपारची वेळ होती. मुलगी माझ्या अंगावर पाय टाकून झोपली होती. आई समोर बसून बराच वेळ आमच्याकडे पाहत होती. मग म्हणाली, “तुले कांजिण्या झाल्या होत्या तवा मी तुले एकदाही हात लावला नाही. तू पडद्याखालून हात घातला होता. मी पाह्यला होता. मी उठून गेलो.” तिनं पोरीच्या पायावरची चादर सारखी केली. “एवढं तापलेलं लेकरू, सोळा गाव ओलांडून मायपाशी आलं… मले रोज आठवते ते. माफ कर वं बाई मले.”

मला तेव्हा सांगता आलं असतं. टॉवेल, उशी, अर्धवट पेला, सगळं. दोन मिनिटं लागली असती. तिनं बाळाला उचलून लांब नेलं ते बरोबरच केलं, चूक माझी होती, सगळी माझीच होती, असं म्हटलं असतं तर इतक्या वर्षांचं तिचं ओझं उतरलं असतं. शब्द तोंडात होते. पण मग ते ताटातले चांगले घास, ते सकाळचे फोन, ते ‘तिचं वेगळं हाय’? ते सगळं त्या हातामुळे होतं. ते गेलं तर माझ्याकडे आईचं काय उरलं असतं, हे मला माहीत नव्हतं.

“जाऊ दे आई,” मी म्हटलं. “केलं माफ.”

तिनं पदरानं डोळे पुसले. किती दिवसांनी तिचा चेहरा हलका दिसला.

“बरं झालं वं माय,” ती म्हणाली, “बोलून टाकलं एकदाचं.”