त्यानेच सांगितलेला भाव

लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर नवऱ्याने मला सांगितलं, की त्याला दुसऱ्या बाईबरोबर राहायचंय. सांगताना तो चपला घालत होता. रडले ती कळव्याला, माहेरी जाऊन. घटस्फोटाला मी हो म्हणाले, पण डोंबिवलीचं घर सोडणार नव्हते. घर दोघांच्या नावावर होतं, कर्ज माझ्याही पगारातून फिटलेलं.

"एवढ्या घराचं तू एकटी काय करणार?" तो म्हणायचा. "तुझा हिस्सा घे आणि मोकळी हो."

हिस्सा किती, हे ठरवायला कोर्टाने आम्हाला मध्यस्थ बाईंपुढे बसवलं. त्याने एका इस्टेट एजंट मित्राकडून घराच्या किमतीचा कागद आणला होता. चाळीस लाख. आमच्याच बिल्डिंगमधला तेवढाच फ्लॅट नुकताच साठ लाखांना विकला गेलेला, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण पैशाचे व्यवहार कायम तोच बघायचा, त्यामुळे हिला काय कळतंय, असं त्याला वाटलं असणार.

माझ्या वकीलबाई उसळल्या. मी त्यांचा हात दाबला.

"हा भाव नक्की बरोबर आहे?" मी त्याला विचारलं.

"एकदम. जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. उलट जास्तच लावलाय."

मध्यस्थ बाईंनी ते लिहून घेईपर्यंत मी थांबले.

"मग याच भावाने तुझा अर्धा हिस्सा मी घेते. वीस लाख."

तो आधी हसला. मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. बऱ्याच वर्षांनी बघितलं असेल.

"अगं, असं कसं? माझी आई कुठे जाईल?"

"तू जाशील तिथे."

भाव मान्य नसेल तर कोर्टाकडून किंमत काढू, पण वेळ लागेल, असं मध्यस्थ बाई म्हणाल्या. "लागू दे," मी म्हटलं. "मला कुठे लग्न करायचंय?" घाई त्याला होती. तीन आठवड्यांनी तो तयार झाला. मी पीएफ काढला, कर्ज घेतलं, पाटल्या आणि मंगळसूत्र मोडलं. हक्कसोडपत्रावर सही करून रजिस्ट्रार ऑफिसच्या जिन्यात तो मला म्हणाला, "लुटलंस तू मला." मी सरळ समोरच्या हॉटेलात जाऊन मिसळ खाल्ली, वर एक पाव जास्तीचा मागवला.

सामान न्यायला टेम्पो आला, तेव्हा सासूबाई खाटेवर बसून राहिल्या. मला टायफॉइड झाला होता तेव्हा याच बाईने महिनाभर माझं सगळं केलेलं.

"मला इथेच राहू दे गं. मी तुझं काय वाईट केलं?"

ठेवून घेता आलं असतं. क्षणभर तसं मनात आलंही. पण मग तो नव्या संसारात अगदी मोकळा राहिला असता, आईच्या औषधपाण्याचीही काळजी नाही. तेवढं सुख मला त्याला द्यायचं नव्हतं.

"तुमचा मुलगा सांभाळेल, आई," मी म्हटलं आणि त्यांची पिशवी उचलून खाली नेऊन दिली.

शीळफाट्याच्या पुढे त्याने भाड्याने घर घेतलंय. सासूबाईंचं आणि नव्या सुनेचं पटत नाही, असं शेजारीण सांगते. मी तिला चहा करून देते आणि सगळं विचारून घेते. सासूबाईंचं ऐकून वाईट वाटतं. त्याचं ऐकताना मात्र चहा अजून अर्धा कप घेते.