वरातीपुढे उलटा चालणारा

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. धुळ्याकडचा बँड लग्नसराईत सुरतेला आला, की आमच्या ओळखीतला, बमरोलीच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला असलेला एक माणूस कामावर खाडा करायचा. नाचायचा नाही. क्लॅरोनेटवाल्याच्या तोंडाकडे बघत वरातीपुढे उलटा चालायचा. एकदा असाच गटारीत पडला, तर तिथूनच ओरडला, "थांबू नका रे, वाजवा!"

आमच्या दारासमोर आला की त्याची हाक ठरलेली. "वहिनी, भाकर जळू द्या, आधी बाहेर या! वाजवत नाही तो, बोलतोय, बोलतोय!" आमची ही पिठाच्या हातानं धावायची. दोघांना त्या बँडचं सारखंच वेड. मला त्यातलं काही कळायचं नाही.

ती गेली त्याच आठवड्यात गल्लीत वरात आली. बँड तोच. सुतकाच्या घरापुढून वाजवत जात नाहीत, पण बाहेरगावच्या बँडवाल्यांना काय ठाऊक? हाच माणूस हात पसरून त्यांना आडवा झाला. "बंद करा, बंद करा. वहिनी गेल्या."

मी ओट्यावर बसलेलो. वाजवू दे रे, तिला आवडायचं, हे अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात तो डोळे पुसत माझ्याकडे आला.

"बरं केलं ना, दादा? बरं केलं ना?"

"बरं केलंस," मी म्हणालो.

बँड मुकाट पुढे गेला आणि वळणापलीकडे पुन्हा सुरू झाला. तो माणूस बँडमागे गेला नाही. माझ्याजवळ बसून लांबून येईल तेवढं ऐकत राहिला. हिला तेवढंही मिळालं नाही.