क्षमा करायला गेलेली थोरली

चर्चच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत वाटायची, भाकर तिथे तयार होते. पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. ना मीठ, ना खमीर. सरसरीत कालवलेलं पीठ तापलेल्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये ओतायचं, पाट्या मिटायच्या, वाफ फुसफुसली की उघडायच्या. कागदासारखा पांढरा पापुद्रा निघतो. तो लगेच कापला तर चुरा होतो, म्हणून ओलसर कापडाखाली जरा मऊ पडू द्यायचा आणि मग गोल चकत्या पाडायच्या.

हे काम वर्षानुवर्षं थोरली करत आली. दोघी बहिणींतली ती मोठी, म्हणून आई तिला थोरली म्हणायची आणि पुढे सगळेच म्हणायला लागले. अंगानं आडवी, आवाज खणखणीत, जिभेला हाड नाही. फादरांचं प्रवचन लांबलं की मागून खोकणारी पहिली तीच.

तिची एक गोष्ट मात्र शेजारणींना खटकायची. प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर' ही ओळ आली की ती ओठ घट्ट मिटून उभी राहायची. पुढची ओळ आली की पुन्हा खड्या आवाजात सुरू. एकीनं विचारलंच, तर म्हणाली, "खोटं बोलायचंच तर बाजारात बोलेन. वेदीसमोर कशाला?"

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटी बहीण लग्न करून दूरच्या गावी गेली होती, तिथे चष्म्याच्या दुकानात कामाला होती. आई अंथरुणाला खिळली, डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा थोरलीनं नवऱ्याला सांगितलं, "अहो, छापखान्यातून धाकटीला फोन करा. म्हणावं, असशील तशी निघ." घरात तेव्हा फोन नव्हता, आणि नवरा छापखान्यात कामाला होता. संध्याकाळी नवरा घरी आला आणि म्हणाला, "तिला नाही जमणार म्हणते." दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आई गेली. थोरलीनं धाकटीला मातीलाही कळवलं नाही. जिवंत आईसाठी जिला वेळ नाही, तिला मेलेल्या आईचं काय?

त्याला वीसेक वर्षं झाली. नवरा निवृत्त झाला. गरीब माणूस, ना कोणाच्या अध्यात ना मध्यात. बायको धाकटीच्या नावानं बोटं मोडायला लागली की तो गुपचूप उठून अंगणात जायचा. थोरलीला वाटायचं, याला भांडण सोसत नाही.

यंदाच्या उपवासकाळात फादर नवे होते, वयानं तरुण. प्रवचनात ते एवढंच म्हणाले, की क्षमा समोरच्याच्या दारात जाऊन द्यावी लागते, घरी बसून ती होत नाही. थोरली त्या दिवशी खोकली नाही. आठवडाभर घुम्यासारखी वावरली आणि मग तिनं धाकटीच्या गावची बस धरली. बसमध्ये बोलायची वाक्यं मनात घोळवली. 'झालं गेलं विसरले मी. तू लहान आहेस.' तिला फार हलकं वाटत होतं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता.

दार धाकटीनंच उघडलं. केस पिकलेले, गळ्यात दोरीला चष्मा. 

"तुला माफ केलं मी," थोरली म्हणाली. ठरवलेलं बाकी सगळं ती विसरली होती.

 "तू? मला? ताई, माझी आई गेल्याचं मला महिन्यानं आपल्या गावच्या एका परक्या बाईकडून कळलं! दुकानात चष्मा घ्यायला आली होती ती. आणि माफ तू करणार?"

"तुला फोन गेला होता. नाही जमणार म्हणालीस."

"कोणाचा फोन?"

"यांचा. छापखान्यातून."

"मला कोणाचाही फोन आला नाही."

थोरली पायरीवरच खाली बसली. धाकटी खोटं बोलत नव्हती. लहानपणी खोटं बोलताना तिची नजर जमिनीला लागायची. आत्ता ती सरळ डोळ्यांत बघत होती. आत चल असंही तिनं म्हटलं नाही आणि थोरलीच्या ते ध्यानातही आलं नाही. उठली आणि आल्या वाटेनं परत निघाली.

घरी नवरा खुर्चीचा खिळखिळा पाय ठोकत बसला होता.

"अहो, आई गेली तेव्हा धाकटीला फोन केला होतात का?"

हातोडी वरच्या वर थांबली. त्यानं मान वर केली नाही.

"नाही."

तिला वाटलं होतं, तो रागावेल, नवऱ्यावर विश्वास की बहिणीवर असं काहीतरी म्हणेल. 

"विसरलो," तो म्हणाला. "यंत्रात कागद अडकला, सगळं काम अंगावर आलं. घरी आलो तर तू दारातच विचारलंस, काय म्हणाली? तुझा चेहरा बघितला आणि तोंडातून निघून गेलं. म्हटलं, सकाळी पहिल्यांदा फोन करतो, मग सगळं सारखं होईल. आणि सकाळ व्हायच्या आत..."

"वीस वर्षं मी तिला शिव्या घालतेय. तुमच्यासमोर."

"हो."

"आणि तुम्ही जेवलात. झोपलात."

त्यानं हातोडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "आधीच्या फादरांना सांगितलं होतं पापनिवेदनात. ते म्हणाले, बायकोला सांग. ते काही जमलं नाही. मग ख्रिस्तप्रसादाची भाकर घ्यायला वेदीपाशी यायला तोंड राहिलं नाही."

"तुम्ही तर म्हणायचात, गुडघा दुखतो, पुढे जाववत नाही..."

"गुडघा ठीक आहे."

थोरली त्याच्याकडे बघतच राहिली. आपल्या हातची भाकर सगळं गाव घेत होतं आणि हा माणूस वर्षानुवर्षं शेवटच्या बाकावर बसून होता, आणि आपल्याला वाटायचं, गुडघ्यामुळे.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. घरात ताट वाढायची, पण शब्द नाही. कामात पाट्या जास्त तापायच्या, पापुद्रे करपायचे. एका दुपारी फादर खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"करपल्याचा वास येतोय," ते म्हणाले.

"एकीला क्षमा करायला गेले होते फादर, आणि दुसऱ्याला करायची पाळी घेऊन आले. ते मला जमणार नाही." आणि तिनं सगळं सांगितलं.

फादरांनी उपदेश केला नाही. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मला आत्ता काही सुचत नाही, बाई."

ते ऐकून तिला रडू फुटलं. आणि रडता रडताच तिच्या तोंडून निघालं, "पण मी एक फोन का नाही केला? पुढे घरात फोन आला होता की! एकदा विचारायचं, का गं नाही आलीस? वीस वर्षांत एकदाही?" म्हणाली आणि स्वतःच दचकली. नवऱ्याचं खोटं एका क्षणाचं होतं. बाकीची वर्षं तिनंच जपली होती. रागावलेलं राहणं तिला मानवलं होतं.

त्याच आठवड्यात नवरा कोणालाही न सांगता धाकटीकडे गेला. परत आला तो एकटा नव्हता. धाकटी पिशवी घेऊन मागे उभी होती.

"भावोजींनी दारातच सगळं सांगितलं," ती म्हणाली. "मी आधी दार लावून घेतलं. नंतर बघितलं तर पायरीवरच बसून होते. मग चहा दिला."

"चहा दिलास?" थोरली जवळजवळ ओरडलीच. "याला?"

"मग काय करू, ताई? अजून वीस वर्षं घालवू? माझ्याकडे तेवढी आहेत कुठे?"

थोरलीला ते पटलं नाही. धाकटीची क्षमा तिला फार स्वस्त वाटली, आणि अशी स्वस्तातली आपल्याला करता येत नाही याचा हेवाही वाटला. नवऱ्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. पण धाकटीला हात धरून आत नेलं आणि आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगायला बसली. आई काय खायची, कुशीवर कशी वळवायची, फादर आजाऱ्याच्या प्रार्थनेचं तेल कपाळाला लावायला आले तेव्हा आई कशी हसली. हे तिनं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. धाकटी एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती. नवरा ओट्याशी पाठमोरा उभा होता.

"माझी आठवण काढली होती का तिनं?" धाकटीनं विचारलं.

 नाही म्हणणं सोपं होतं. मनाशी ती इतकी वर्षं तेच म्हणत आली होती.

"काढली," ती म्हणाली. "शेवटी मी तिला ओळखूच आले नाही. माझा हात हातात घेतला आणि मला धाकटी म्हणाली. म्हणाली, 'आलीस? बरं झालं.' आणि मी तिला सांगितलं नाही, की मी थोरली आहे."

धाकटीनं तोंडावर हात दाबला. ओट्याशी नवरा मटकन खाली बसला आणि आईवडिलांनी टाकून दिलेल्या पोरासारखा मोठ्यानं रडायला लागला.  थोरली उठली, भांड्यात पाणी ओतलं आणि त्याच्यासमोर नेऊन धरलं.

"घ्या," ती म्हणाली.