नाड्यावर बसलेली बाई

जीवरामकाका मोट हाकायला लागला की शेजारच्या तिन्ही शेतांना कळायचं. आधी घसा खाकरणं, मग एक ठेवणीतली शिवी, मग "होऽऽ लाख्या, चाल पोवळ्या, हो-हो-ह्यॅ!" शेवटच्या 'ह्यॅ'ला आवाज असा फाटायचा की कुणी नवं धोतर टराटरा फाडतंय असं वाटावं. बैल त्याच आवाजाचे. दुसऱ्या कुणी हाकलं तर दोघं माना वळवून नुसते बघत, हा कोण पाहुणा आला म्हणून.

त्याच्या बायकोचा, धुरपदाकाकूचा, आवाज मात्र गावात फारसा कुणी ऐकलेलाच नव्हता. सासूसमोर बोलायचं नाही, दिरांसमोर नाही, पारावरच्या माणसांसमोर तर नाहीच. वीस वर्षांत बोलायला उरली ती चूल आणि म्हैस. तिचं "हो जी" एवढं बारीक, की सासू बेबाबाई दर खेपेला विचारी, "काय म्हने व? जरा तोंड उघड ना!" आणि उघडलं तर, "केवढ्यानं वरडते व!"

अडतीस सालच्या वैशाखात काका मोटेच्या उतारावर घसरला. नडगी मोडली. हाडं बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या आणि सांगितलं, दीड महिना खाट सोडायची नाही. इकडे केळीला घड धरलेले. त्या उन्हात दर चौथ्या दिवशी पाणी मिळालं नाही तर घड जागीच माना टाकतात. वैशाखात ज्याला त्याला आपली मोट, मदतीला येणार कोण? उखर्डू नावाचा एक गडी मिळाला. लाख्यानं त्याला शिंग दाखवलं, तो भाकरीचं फडकं उचलून दुपारीच घरी गेला.

तिसऱ्या दिवशी काकू एकटी विहिरीवर गेली. आधी आपल्या आवाजात म्हणाली, "चाला रे बापा." बैल रवंथ करत राहिले. तिनं इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला, तीच शिवी दिली आणि "होऽऽ लाख्या" सुरू केलं, शेवटच्या फाटक्या 'ह्यॅ'सकट! बैल निघाले. पण भरलेली मोट अर्ध्या विहिरीतच अडकली. उतारावर बैल चालतात तेव्हा हाकणारा त्या जाड दोरावर, नाड्यावर, बसतो. त्याचं वजन पडलं तरच मोट वर येते. काकूनं काष्टा घट्ट खोचला आणि नाड्यावर बसली. पाणी धबाधबा पाटात पडलं.

रात्री काकानं खाटेवरून विचारलं, "लाख्या नीट ओढे का?"

"ओढे."

"उतारावर जराशी मांगे रेल. पोवळ्यावर जोर येते नही तं."

एवढं लांब बोलणं त्यांच्यात कधी झालं नव्हतं.

नऊ दिवस बाग भिजली. दहाव्या दिवशी काकाचा चुलतभाऊ तोताराम पाय बघायला आला. सोबत चारपाच जण. तंबाखू गालात, त्यामुळे त्याचं सगळं बोलणं नाकातून.

"आँ? जीवराम, तू इथीच? मी म्हनो तू शेतात आहे! तुझा आवाज ऐकला ना मी. नाड्यावर बसेल बी दिसला. लुगडं नेसेल होता, एवढंच."

ओसरी हसली. दुसरा म्हणाला, "मंग आता भाकरी तू थाप रे भो. शिकशीन हळूहळू."

काका पण हसला. हसताना पाय हलला असावा, कारण तोंड वाकडं झालं.

नदीवर बायाही कमी नव्हत्या. "काय व धुरपदा, मिशी कधी येईन?" आणि घरात बेबाबाई: "सात पिढ्यात त्या दोराले बाईचं लुगडं शिवलं नही! आता कोनत्या तोंडानं लग्नाकार्यात जाऊ मी?"

त्या संध्याकाळी काका म्हणाला, "उद्यापासून जायचं नही."

"घड वाळतीन."

"वाळू दे."

"महिनाभराचं तं काम आहे. तुमचा पाय..."

"लोक मले बाई म्हनू राह्यले. समजते का तुले?"

"आन मले काय म्हनू राह्यले?"

काकानं भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी ती गोठ्यात गेली तर खुंटे मोकळे. पहाटेच तोताराम बैल घेऊन गेला होता. काकानंच निरोप धाडला होता, पाय बरा होईपर्यंत तुझ्याकडे बांध म्हणून. बैल तिथं कुणाचंच ऐकेनात, नुसते दावणीला उभे. काकूनं दोन दिवस घागरीनं पाणी घालून पाहिलं. दोन ओळी जेमतेम ओल्या व्हायच्या, तोवर मागची जमीन तडकायची. पंधरवड्यात पानं पिवळी पडून खोडाला चिकटली.

पुन्हा तीच मंडळी ओसरीवर जमली, या वेळी हळहळायला.

"मी तवाच म्हनलं होतं," तोताराम नाकातून म्हणाला. "बाई मोटीवर बसली, मंग बाग जळनारच."

पाणी कुठल्या दिवशी तुटलं आणि कुणी तोडलं, हे काकाइतकं कुणाला माहीत नव्हतं. काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. तिच्याकडे न बघता काका म्हणाला, "हो ना."

वाळलेली सगळी खोडं काकूनं एकटीनं तोडली आणि डोक्यावरून वाहून बांधावर टाकली. आठ दिवस लागले. त्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही.