आईसाठी लावलेला कॅमेरा

आई पहिल्यांदा घरातून निघून गेली, तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. शेजारच्या काकूंचा फोन आला, फाटक उघडं आहे आणि आई कुठं दिसत नाही. तासाभरानं ती विजापूर रोडवरच्या रिक्षा स्टॉपवर सापडली. बाकड्यावर डोक्यावरून पदर घेऊन नीट बसली होती. एका रिक्षावाल्यानं तिला चहा पाजला होता. "मंद्रूपला सोडा म्हणत्यात," तो म्हणाला, "पण तिथं कुणाकडं, ते सांगेनात." मंद्रूप आईचं माहेर. तिथं आता आमचं कुणीच नाही. मामालासुद्धा सोलापुरात येऊन तीस वर्षं झाली.

त्या संध्याकाळी मी धाकटीला फोन केला. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, बार्शीला दिलेली. मी लग्न केलं नाही. वडील गेल्यापासून जुळे सोलापुरातल्या या घरात आई आणि मी अशा दोघीच. तेव्हा नऊ वर्षं झाली होती त्याला. आईचं विसरणं त्यातल्या शेवटच्या तीन वर्षांतलं.

"कॅमेरे बसवून घे," धाकटी म्हणाली. "मी येते रविवारी. मिळून बघू."

मिळून बघू, हे मला फार बरं वाटलं. आईच्या बाबतीत तोवर सगळं मी एकटीच बघत आले होते.

ती सकाळच्या एसटीनं आली. आठवडाभर तिनं मोबाईलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ पाहिले होते आणि तिला माझ्याहून खूप जास्त कळत होतं. आम्ही नवी पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार निवांत होता. त्यानं काउंटरवर चार-पाच कॅमेरे मांडले. वायरचे, ज्यांचा डबा कपाटात ठेवावा लागतो, आणि वायफायवरचे, ज्यांच्या पोटातच कार्ड असतं. मला फाटकापुरता एक हवा होता. आई बाहेर पडली की कळलं म्हणजे झालं.

"फाटकाला एक आणि हॉलमध्ये एक," धाकटी म्हणाली. "हॉलमधला फिरणारा. आवाजाचा."

"हॉलमध्ये कशाला?"

"आई दिवसभर तिथंच असते की. पडली-बिडली तर? आणि मला तिच्याशी बोलता येईल त्यातनं. मी काय रोज येऊ शकते का इथं?"

दुकानदारानं आवाज कसा पलीकडे जातो ते दाखवलं. मग म्हणाला, "कार्डवर आठवडाभराचं राहतं, मॅडम. नवीन आलं की जुनं आपोआप पुसलं जातं. एखादं ठेवायचं असेल तर निवडून मोबाईलमध्ये सेव्ह करायचं." मी मान डोलावली. आमच्या घरातलं काय कोण जपून ठेवणार, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी माणूस येऊन बसवून गेला. हॉलच्या कोपऱ्यात ड्रिल चाललं तेव्हा भिंतीचा चुरा आईच्या पलंगावर पडला. धाकटी कधी पलंगावर झोपून, कधी खुर्चीत बसून मोबाईलमध्ये बघत होती. "थोडा डावीकडं. अजून थोडा. हां." बाथरूमचं दार त्यात येऊ नये म्हणून तिनं दोनदा कॅमेरा हलवायला लावला. ॲप तिच्याच फोनवर सुरू केलं, कारण माझा फोन जुना होता आणि त्यात जागा नव्हती. नंतर मी जुने फोटो काढून जागा केली, तेव्हा तिनं तिच्याकडून माझ्या फोनवर दिसायची सोय करून दिली.

"हे काय गं?" आईनं विचारलं.

"आई, ह्यातनं मी तुला रोज बघणार."

आईनं त्या पांढऱ्या गोळ्याकडे पाहिलं आणि डोक्यावरून पदर घेतला.

पुढचे काही महिने खरंच चांगले गेले. मी कामावर असताना आईजवळ एक मावशी बसायच्या, कुंभारीहून यायच्या त्या. त्यांच्याकडून आईची गोळी द्यायची राहिली की बार्शीहून मला फोन यायचा, "दोन वाजून गेले, गोळी झाली नाही." मी मावशींना फोन करायचे. मी सकाळी निघताना कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायचे. रात्री आई जेवत नसली की मी त्या कोपऱ्याकडे बघून म्हणायचे, "बघ गं, आज हे असं चाललंय." कधी ती त्यातून बोलायची, "आई, जेव की," आणि आई आवाज कुठून आला ते शोधत दोन घास खायची. ग्रंथालयातल्या बायकांना मी सांगायचे, धाकटी आहे म्हणून निभतंय. मला ते मनापासून वाटायचं.

मग ती दुपार आली. मी तापानं घरी होते, मावशी आल्या नव्हत्या आणि नळाला पाणी यायचा दिवस होता. पहाटे उठून कशीबशी सगळी भांडी, बादल्या आणि हॉलच्या कोपऱ्यातलं प्यायच्या पाण्याचं पिंप भरून घेतलं. पुढचं पाणी पाचव्या दिवशी. दुपारी डोळा लागला. जागी झाले तेव्हा आई पिंपापाशी उभी होती आणि तिच्या दोन्ही चपला पिंपात होत्या. "धुते," ती म्हणाली. तिचा एक हात अजून पाण्यातच होता.

मी तिचं मनगट धरून तिला मागं ओढलं. जोरात ओढलं. आणि ओरडले, "मर एकदाची."

हे मी बोलले. ते मी नाकारत नाही, तेव्हाही नाकारलं नाही. आई रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, घरात शिरलेल्या परक्या बाईकडे बघावं तशी. मी स्वयंपाकघरात जाऊन खाली बसले आणि बराच वेळ तिथंच होते. मग उठले, पिंप रिकामं केलं, घासलं. शेजारच्या काकूंनी दोन कळशा पाणी दिलं. आईचे हात-पाय धुतले, दुधात भाकरी कुस्करून तिला भरवली, वेणी घातली. ती माझं बोट धरून झोपून गेली. त्या संध्याकाळी धाकटीचा फोन आला नाही. मला हायसं वाटलं. तिनं पाहिलं नसावं, असं मी धरून चालले.

पंधरा-वीस दिवसांनी मावशी निघता निघता दारात थांबल्या.

"अक्का, एक इचारू का? त्यो कॅमेरा तुमी बंद करता काय कवा?"

"नाही. का?"

"न्हाय, धाकल्या अक्का दुपारी बोलतात की त्यातनं. थोरली वराडते का, मारती का, पोटभर जेवाय देती का, असं इचारतात. मी म्हटलं, मला काय म्हाईत? मी पाचाला जाते. पर तुमाला ठाव हाय का न्हाय, म्हणून इचारलं."

"काळजीनं विचारत असेल ती," मी म्हणाले.

"व्हय, तसंच असंल," मावशी म्हणाल्या, पण चपला घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

नेहमीसारखा सातला धाकटीचा फोन आला. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी उत्तर आलं असतं, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मात्र त्या दिवसापासून मी हॉलमध्ये हळू बोलू लागले.

मे महिन्यातल्या एका रविवारी मामानं जेवायला बोलावलं. आईजवळ मावशींना बसवून मी गेले. धाकटी आणि तिचा नवरा आधीच आलेले होते. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. जेवण झालं, मामीनं ताटं उचलली, आणि मामा म्हणाला, "बाळ, जरा बस. धाकटीनं काही दाखवायला आणलंय."

धाकटीनं फोन त्याच्या हातात दिला. मामानं चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. मला आधी फक्त आवाज ऐकू आला. मर एकदाची. इतका मोठा आवाज की मामीनं उठून दार लोटून घेतलं.

असे सहा तुकडे होते, एकही मिनिटभराचा नव्हता. एकात मी आईच्या पुढचं ताट ओढून घेत होते. एकात बाहेरून कुलूप लावून निघाले होते. कोपऱ्यावरून दूध आणायला गेले होते, पण ते त्यात दिसत नव्हतं. एकात आई हाक मारत होती आणि मी तिच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होते. शेवटच्यात मी काहीच करत नव्हते. खुर्चीत तोंड ओंजळीत धरून बसले होते आणि आई पलंगावरून म्हणत होती, "अहो बाई, अहो बाई." तो तुकडा धाकटीनं कशासाठी ठेवला, ते मला आजवर कळलेलं नाही.

एका तुकड्यात आईच्या अंगात स्वेटर होता. मामाच्या घरात तेव्हा पंखा गरम हवा फेकत होता. मला दुकानदाराचं बोलणं आठवलं. आठवड्यानं सगळं पुसलं जातं. म्हणजे थंडीपासून धाकटी बार्शीत बसून एकेक निवडत होती. आणि त्याच महिन्यांत रोज सातला फोन करून मला विचारत होती, "तू जेवलीस का?"

"तेव्हाच का नाही बोललीस मला?" मी विचारलं.

"बोलले असते तर तू कॅमेरा काढून टाकला असतास."

हे बहुधा खरं होतं.

"पिंपाच्या दिवशी नंतर मी तिला भरवलं. वेणी घातली. ते कुठंय?"

"ते कशाला ठेवू?" ती म्हणाली. चिडून नाही, अगदी साधेपणानं म्हणाली. तिला खरोखरच प्रश्न पडला होता.

मामा म्हणाला, तुला कुणी वाईट म्हणत नाही, तू थकलीयस, आईला काही दिवस बार्शीला जाऊ दे. धाकटीचा नवरा मान खाली घालून मोबाईलच्या कव्हरशी चाळा करत होता. मी हो म्हणाले. भांडले असते तर तो सातवा तुकडा झाला असता, असं मला वाटलं.

दोन दिवसांनी गाडी आली. आईच्या साड्या, गोळ्या, गरम पाण्याची पिशवी, सगळं मी भरून दिलं. कुठली गोळी कधी ते कागदावर लिहून दिलं. आई खुशीत गाडीत बसली, मंद्रूपला निघालोय असं समजून.

रात्री हॉलमध्ये एकटीच जेवायला बसले. घरात आई नव्हती. तरी कॅमेरा माझ्याकडे वळला. हालचाल झाली की तो आपोआप वळतो, हे मला माहीत होतं. मी उष्ट्या हातानं उठले आणि प्लग काढला.

नंतर धाकटीचे फोन येत राहिले, मी उचलत नव्हते. मामीकडून कळायचं, आई बरी आहे. मी ग्रंथालयातून उशिरा निघायला लागले. घरी घाईनं जायची सवय मोडायलाच महिना लागला. लोकांना वाटलं, मला जरा सुटल्यासारखं झालं असेल. रात्री सलग झोप मिळत होती, हेही खोटं नाही. पण झोपेतून उठल्यावर आधी ते सहा तुकडेच डोळ्यांपुढं यायचे, आणि आता मला स्वतःलाही त्यापलीकडचं काही आठवेनासं झालं होतं. नऊ वर्षांत मी आईसाठी काय काय केलं, याची आठवण काढायला बसावं लागायचं.

अडीच महिन्यांनी धाकटीचा नवरा स्वतः ग्रंथालयात आला. बाहेर झाडाखाली उभा राहून म्हणाला, "ताई, तुम्ही चला. तिच्याच्यानं होईना झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी बार्शीला गेले. दार धाकटीनं उघडलं. ती निम्मी झाली होती. दोन्ही हातांवर नखांचे ओरखडे होते. आत आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिचे केस कापून बारीक केले होते. "विंचरूच देत नव्हती," धाकटी माझ्यामागून म्हणाली. मी आईजवळ बसले. तिनं माझा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला, आणि सोडला नाही.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तू एकटीनं कसं केलंस गं हे," ती म्हणाली.

हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायची मी किती वर्षं वाट पाहिली होती. आता ते आलं आणि मला काहीच वाटलं नाही. पिशव्या कुठं आहेत, एवढंच मी विचारलं. ती मला माफ कर म्हणाली नाही, आणि म्हणाली असती तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

आईला गाडीत बसवल्यावर धाकटी खिडकीपाशी आली. "कॅमेरा परत सुरू करशील ना? मला आई दिसत राहील."

"फाटकाचा राहील," मी म्हणाले. "आतला नाही."

घरी आल्यावर आईजवळ शेजारच्या काकूंना बसवून मी दोन्ही कॅमेरे घेऊन त्याच दुकानात गेले. सगळं पुसून फाटकाचा कॅमेरा माझ्या नव्या फोनवर सुरू करून घेतला. पासवर्ड मी स्वतः टाकला. दुकानदार म्हणाला, "आतल्यात काही बिघाड झाला का, मॅडम?" मी नाही म्हणाले आणि तो त्याच्याकडेच ठेवून आले.

मावशी परत येऊ लागल्या. आईचे केस आता मानेपर्यंत वाढलेत. मामा त्या रविवारबद्दल एकदाही बोललेला नाही. परवा आला तेव्हा पेरू घेऊन आला आणि बराच वेळ पावसाबद्दल बोलत बसला.

धाकटी आता एक रविवार सोडून येते. दुसऱ्या कुठल्या मार्गानं आई तिला दिसत नाही. ती आईला आंघोळ घालते, नखं कापते, आम्ही भाजी आणि गोळ्यांबद्दल बोलतो. मध्ये एकदा तिनंच म्हटलं, ते सगळे तुकडे मी पुसलेत. मी बरं म्हणाले. पुसले की नाही, मी पाहिलेलं नाही.

गेल्या रविवारी आईनं वरणाची वाटी पलंगावर उपडी केली. समोर नुसत्या मावशी असत्या तर मी ओरडले असते, निदान कपाळाला हात लावला असता. पण धाकटी समोर बसलेली होती. मी हळूच म्हणाले, "असू दे हं, आई," आणि चादर बदलायला उठले.